पाझर तलाव, सायप्रिनस आणि चुकीचा कॉम्बो

तक्रार साधी होती: मासा लागतो, पण काठावर येत नाही.

तक्रार करणारे गृहस्थ सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात पर्यवेक्षक. तलाव उत्तर सोलापूर तालुक्यातला, 1972च्या दुष्काळात आणि त्यानंतर जिल्हाभर जे पाझर तलाव झाले त्याच धाटणीचा. मातीचा बांध, पाण्याच्या बाजूने पिचिंग (उतारावर बसवलेले दगड), उन्हाळ्यात निम्म्याखाली जाणारं पाणी. ठेका गावच्या मच्छीमार संस्थेकडे. संस्था दर पावसाळ्यात रोहू, कटला, मृगळ आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं सोडते, आणि तिच्या परवानगीने या गृहस्थांना सुट्टीच्या दिवशी एका काठीने बसायची मुभा होती.

सामान दुकानातून एका पिशवीत आलेलं, म्हणजे ‘कॉम्बो’. सात फुटी टेलिस्कोपिक फायबर ग्लासचा रॉड, त्यावर ‘40–80 ग्रॅम’ असं, म्हणजे किती वजन फेकायचं ते, छापलेलं. 6000 साइजचं रील, त्यावर 0.50 मि.मी.चा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. बूच, म्हणजे पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणारी वस्तू, म्हणून थर्माकोलचा गोळा, खाली एक जाडसर शिसं, आणि बारीक तारेचा मोठा गळ. आमिष कणकेचं.

हे सामान वाईट नाही. उजनीच्या उघड्या पाण्यात 60 ग्रॅमचं शिसं लांब फेकून आमिष तळावर टेकवून ठेवायचं असेल, तर ते बिनतक्रार चालतं. बुचावर सायप्रिनस धरायचा म्हटलं की मात्र यातली एकही वस्तू दुसरीच्या उपयोगी पडत नाही. आणि नेमकं याच कारणाने नुसता रॉड बदलून किंवा नुसतं रील बदलून फरक पडला नसता.

बिघाड कुठे होता

तीन प्रकारे मासे सुटत होते, आणि प्रत्येक प्रकाराचं कारण वेगळं निघालं.

पहिला प्रकार: बूच बुडतं, झटका दिला जातो, काहीच लागत नाही. बूच काठापासून दहा-बारा मीटरवर आणि काठी सात फुटांची. मधला सगळा तंगूस पाण्यावर पसरलेला, वाऱ्याने धनुष्यासारखा वाकलेला. काठी मागे खेचली की आधी तो बाक सरळ होतो, गळापर्यंत ओढ पोचते तेव्हा कणीक थुंकून सायप्रिनस गेलेला असतो. हा मासा आमिष तोंडात ओढतो, चाखतो आणि बाहेर फेकतो. त्याला काही सेकंदसुद्धा लागत नाहीत. लांब काठीने जास्त तंगूस पाण्यावरून उचलला जातो आणि एका झटक्यात जास्त लांबी मागे खेचली जाते. बुचाच्या मासेमारीत बारा-तेरा फुटी रॉड वापरतात तो यासाठी. लांब फेकणं हा त्याचा दुय्यम फायदा.

दुसरा प्रकार: मासा लागतो, दोन-तीन सेकंद ओढतो आणि गळ मोकळा परत येतो. रॉड ताठ, तंगूस दोरखंडासारखा जाड, ड्रॅग (जोराची ओढ बसली की तंगूस सुटू देणारा रीलचा ब्रेक) पूर्ण आवळलेला. माशाने मुसंडी मारली की ती शोषून घ्यायला मधे काहीच नाही. सायप्रिनसचे ओठ मांसल असतात, पण गळ काठावरच्या पातळ त्वचेत बसला असेल तर अशा हिसक्याने ती फाटते.

तिसरा प्रकार एकदाच घडला, पण सगळ्यात बोलका होता: गळ सरळ होऊन आला. 0.50चा तंगूस तुटत नाही, रॉड वाकत नाही, रील सोडत नाही. मग जे सगळ्यात कमजोर तेच हार मानतं. इथे ती बारीक तार होती. त्यांनी यावर उपाय म्हणून आणखी मोठा गळ लावला होता. बहुतेक जण हेच करतात, आणि मग मासा लागणंच कमी होतं.

आधी पाणी मोजलं

नवीन खरेदीआधी तलावाची एक बाजू मोजून घेतली. पद्धत सोपी आहे. गळाच्या टोकाला कॉर्कचा तुकडा टोचून त्यावर 15 ग्रॅमचं शिसं अडकवायचं आणि बूच वरखाली सरकवत टाकत राहायचं. बूच बुडालं तर खोली जास्त, आडवं पडलं तर कमी. पिचिंगच्या पायथ्याशी सव्वा मीटर, सहा मीटरवर 1.8 मीटर, बारा मीटरवर 2.4 मीटर निघाली. तिथून पुढे सपाट गाळ. डाव्या कोपऱ्यात पाण्याखाली वेड्या बाभळीची खोडं.

या आकड्यांनी एक गोष्ट लगेच निकालात काढली. बूच तंगुसावर घट्ट बसवलेलं असेल, तर बूच ते गळ हे अंतर काठीच्या लांबीपेक्षा किमान फूटभर कमी हवं. नाहीतर फेकताना गळ जमिनीवर घासतो. सात फूट म्हणजे 2.1 मीटर. म्हणजे त्या काठीने 2.4 मीटर पाण्यात तळाजवळ आमिष ठेवणं शक्यच नव्हतं. थर्माकोलच्या खाली मीटरभरावर लटकणारी कणीक चिलापी (तिलापिया मासे) खाऊन टाकत होत्या, आणि सायप्रिनस तळाशी गाळ उकरत होता.

मासा कुठल्या थरात खातो हे संस्थेच्या कुठल्याही जुन्या सभासदाला विचारलं तरी कळतं. कटला वरच्या थरातला, त्याचं तोंडच वर वळलेलं. रोहू मधला. मृगळ आणि सायप्रिनस तळातले. सायप्रिनसचं तोंड खाली नळीसारखं पुढे येतं. संस्थेच्या जाळ्यात येणारा सायप्रिनस बहुतेक एक ते अडीच किलोचा, क्वचित चार-पाच किलोचा. निवड या वजनांवर करायची होती.

तंगुसापासून सुरुवात

दुकानात आधी रॉड दाखवतात, मग त्यावर शोभेल असं रील, आणि तंगूस ‘भरून देतो’ म्हणतात. बुचासाठी हा क्रम उलटा हवा. तंगुसाची जाडी आधी, तिला पेलेल असा रॉड नंतर, आणि रील शेवटी.

3–4 ग्रॅमचं बूच बारा मीटर जायला हवं असेल, तर तंगूस 0.28 मि.मी.च्या पुढे जाऊन चालत नाही. 0.50चा तंगूस रीलवरून सुटताना स्प्रिंगसारखे वेटोळे ठेवतो आणि रॉडवरच्या कड्यांत घासून बूच मधेच थांबवतो. खाली जायचं तर 0.20पर्यंत जाता येतं. पण डावीकडे बाभळीची खोडं आहेत आणि चार किलोचा मासा लागण्याची शक्यता आहे. म्हणून मुख्य तंगूस 0.26 मि.मी., म्हणजे साधारण 8 पौंडी (3.6 किलो). गळाजवळचा अर्धा मीटर 0.22 मि.मी., 6 पौंडी (2.7 किलो). गळाजवळचा तुकडा मुद्दाम कमजोर, म्हणजे खोडात अडकलं तर बूच आणि छर्रे (तंगुसावर दाबून बसवायचे शिशाचे दाणे) तरी परत येतात. माशाच्या तोंडात लांब तंगूस लटकत राहत नाही, हेही महत्त्वाचं.

ब्रेडेड (विणलेल्या) दोऱ्याचा विचार झाला आणि तो बाजूला ठेवला. तो ताणत नाही, त्यामुळे मुसंडी थेट गळावर येते. आणि तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे वारा त्याला धरतो. साधा नायलॉनचा तंगूस ताणतो आणि इथे तेच हवं असतं.

आता रॉड. कार्पच्या रॉडवर ‘टेस्ट कर्व्ह’ पौंडांत लिहिलेला असतो. टोकाला किती वजन ओढलं की टोक मुठीशी काटकोन करेल, त्याचं ते माप. जुना ठोकताळा असा की हा आकडा पाचने गुणला की रॉडला साजेसा तंगूस पौंडांत मिळतो. दीड पौंड गुणिले पाच, साडेसात. म्हणजे 8 पौंडी तंगुसाला दीड पौंडाचा रॉड. दीड पौंड म्हणजे 680 ग्रॅम, हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

यात एक फसवी जागा आहे. ‘कार्प रॉड’ असं ठळक लिहिलेले बारा फुटी रॉड बाजारात सहज मिळतात, पण ते बहुतेक 2.75 ते 3.5 पौंडांचे असतात. ते 80–100 ग्रॅमचं शिसं खूप लांब फेकायला बनवलेले. लांबी बरोबर, नाव बरोबर, आणि बुचासाठी सात फुटी काठीइतकेच निरुपयोगी, कारण 6 पौंडी तुकड्यावर ते पुरेसे वाकतच नाहीत. दुसऱ्या टोकाला मॅच रॉड: तेरा फुटी, नाजूक, 5–20 ग्रॅमचे. किलोभराच्या माशावर त्यांच्यासारखी मजा नाही. खोडांच्या कोपऱ्यातून चार किलोचा सायप्रिनस वळवायला मात्र त्यांच्यात बुडाशी दम नसतो. इथे तलाव उघडा, खोडांशिवाय असता तर मॅच रॉड घेतला असता.

रीलशिवायची लांब काठी, टोकालाच तंगूस बांधलेली, हाही पर्याय होता आणि स्वस्त होता. पाच-सहा मीटरपर्यंत ती अचूक आमिष ठेवते. पण तंगूस काठीएवढाच असतो. दोन किलोचा सायप्रिनस उठला की देण्यासारखं हातात काही उरत नाही. शिवाय कार्बन वीज वाहून नेतो. सोलापूरकडच्या तलावांच्या बांधावरून शेतपंपांच्या तारा किती खालून जातात ते पाहिलेल्या माणसाने लांब कार्बनची काठी उभी धरून चालू नये. बारा फुटी रॉडलाही हे लागू आहे: तारांच्या जवळ तो जोडायचाच नाही, तुकड्यांतच न्यायचा.

ठरलं ते असं: बारा फूट, तीन तुकडे, कार्बन, दीड पौंड, अकरा किंवा जास्त कड्या. तीन तुकड्यांचा बंद आकार सव्वा मीटरच्या आसपास येतो. तो 75 मि.मी.च्या पीव्हीसी पाइपमध्ये घालून मोटारसायकलला बांधता येतो. दोन तुकड्यांचा रॉड थोडा सरस वाकतो, पण पावणेदोन मीटरहून लांब नळकांडं घेऊन एसटीत चढून पाहावं. टेलिस्कोपिक नको म्हणण्याचं कारण कड्यांचं. त्यात प्रत्येक नळीच्या टोकालाच कडी बसते, मधला तंगूस ओल्या काठीला चिकटतो आणि हलकं बूच फेकताना अडतो.

रील

रीलवर सगळ्यात जास्त पैसे जातात आणि बुचासाठी सगळ्यात कमी लागतात, हे आमचं ठाम मत आहे. 6000चं रील अर्धा किलोच्या घरात, बाराफुटी रॉड स्वतः दोनशे-सव्वादोनशे ग्रॅमचा. काठी तासन्‌तास हातात किंवा हाताशी असते. तोल बिघडला की मनगट दुखतं आणि झटका उशिरा बसतो. 3000 साइज, पुढे ड्रॅग असलेलं, 5.2:1च्या जवळपासचं (हँडलच्या एका फेऱ्यात तंगुसाचे पाचेक वेढे घेणारं) रील पुरलं. असं रील एका फेऱ्यात पाऊण मीटरच्या आसपास तंगूस गुंडाळतं.

बेटरनर, म्हणजे खटका दाबला की तंगूस मोकळा सोडणारं रील, नको सांगितलं. ते काठी स्टँडवर ठेवून घंटीची वाट पाहणाऱ्यांसाठी आहे. बुचावर माणूस काठीशीच असतो.

पाहायचं ते एकच: ड्रॅग सुरू होताना अडखळतो का. ड्रॅग मध्यम ठेवून तंगुसाला सामान तोलायचा काटा बांधला आणि हळू ओढला. सुटायच्या क्षणी काटा 1.2 किलो दाखवतो आणि सुटल्यावर 700 ग्रॅम, तर ते रील 6 पौंडी तुकड्यावर मासा तोडणार. चांगल्या रीलमध्ये हा फरक जेमतेम जाणवतो. बेलवरचा (रीलवर तंगूस धरून गुंडाळणाऱ्या, उघडझाप होणाऱ्या तारेवरचा) छोटा रोलर फिरतो का, हेही तंगूस ताणून पाहावं. तो अडकलेला असेल तर तंगूस घासतो आणि पिळतो.

रॉडची परीक्षाही दुकानातच होते. तंगूस सगळ्या कड्यांतून ओवून टोकाला 680 ग्रॅमची पिशवी लावायची, मूठ आडवी धरायची. टोक काटकोनाच्या जवळ यायला हवं, आणि बाक टोकापासून मधल्या तुकड्यापर्यंत एकसंध उतरायला हवा. सांध्यापाशी तो सपाट दिसला तर तो रॉड परत. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवायचा. धागा अडकला तर आत तडा आहे. सहा हजारांच्या बजेटात निम्मे रॉडला, एक तृतीयांशाहून थोडे कमी रीलला, उरलेले तंगूस, बुचं, छर्रे, गळ आणि हातजाळ्याला. हातजाळं बहुतेक जण विसरतात. पिचिंगच्या दगडांवर मासा ओढून आणणं म्हणजे तंगूस स्वतःच्या हाताने कापणं.

जुळणी

तंगूस भरताना तो ज्यावर विकत येतो त्या नव्या रिळाची बाजू चुकली की सगळा पिळून बसतो. लेबल वर करून जमिनीवर ठेवायचा, वीसेक फेरे घ्यायचे, तंगूस सैल सोडायचा. वेटोळं पडलं तर रीळ उलटा करायचा. सुताच्या कांड्या भरणाऱ्या शहरात हे फार समजवावं लागलं नाही. खाली जुना तंगूस, वर 120 मीटर नवा. स्पूलच्या (रीलच्या तंगूस गुंडाळायच्या भागाच्या) काठापासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडून थांबायचं. कमी भरला तर हलकं बूच जात नाही, जास्त भरला तर वाऱ्यात गुंते पडतात.

बूच सरळ, लांबट, फक्त खालच्या टोकाला अडकवायचं, 4एएए क्षमतेचं, म्हणजे 3.2 ग्रॅम. एएए छर्रा 0.8 ग्रॅमचा, बीबी 0.4चा, नंबर 4 साधारण 0.17चा. बुचाच्या दोन्ही बाजूंना मिळून तीन एएए, मधोमध एक बीबी, आणि गळापासून पंधरा व आठ सेंटिमीटरवर नंबर 4चे दोन. बेरीज 3.14, टोक तेवढं पाण्यावर. आकडा न छापलेले सुटे छर्रे मिळाले तर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दहा एकत्र तोलून दहाने भागायचे. गळ नंबर 8, जाड तारेचा, आखूड दांड्याचा.

खोली तळापेक्षा दहा सेंटिमीटर जास्त, म्हणजे शेवटचा छर्रा तळावर टेकतो आणि बूच वाहून जात नाही. आमिषाला कणीक सोडून उकडलेल्या मक्याचे दोन दाणे. चिलापीला ते सहज पळवता येत नाहीत. चाऱ्याला शेंगदाणा पेंड अर्धा किलो, तेवढाच तांदळाचा भुसा, ओलसर करून लिंबाएवढे गोळे. सुरुवातीला सहा, मग वीस मिनिटांनी एक.

ड्रॅग काट्यावर लावला. काठी वाकवून ओढताना 900 ग्रॅमला सुटेल असा, म्हणजे गळाजवळच्या तुकड्याच्या एक तृतीयांश. इतक्या ओढीला दीड पौंडी रॉड पूर्ण वाकलेला असतो. रॉड आणि ड्रॅग एकाच वेळी काम करतात तेव्हाच सामान जुळलं म्हणायचं.

नव्या सामानानेही काय चुकलं

पहिल्याच सकाळी तंगूस बुचाजवळ तुटला, मासा नसताना. छर्रे पकडीने दाबून बसवले होते. शिशाची कड 0.26च्या तंगुसात रुतली होती. छर्रा बोटांनी, फार तर हलक्या पकडीने बंद करावा आणि बंद करण्याआधी तंगूस ओला करावा. शक्य असेल तर बुचाच्या दोन बाजूंना सिलिकॉनच्या नळीचे तुकडे ओवून छर्रे त्यांवर बसवावेत.

दहानंतर पश्चिमेचा वारा सुटला आणि बूच पुन्हा उजवीकडे घसरू लागलं. रॉड लांब असला तरी तंगूस पाण्यावर राहिला तर वारा त्याला धरणारच. जागेच्या तीन-चार मीटर पुढे बूच टाकायचं, रॉडचं टोक अर्धा फूट पाण्यात बुडवायचं आणि रीलचे पाच-सहा जोरकस फेरे घ्यायचे. तंगूस बुडतो. नव्या तंगुसावर तेलकट थर असतो, तो बुडू देत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब ओल्या फडक्यावर घेऊन पहिला पंधरा मीटर पुसला की काम होतं. वारा आणखी वाढल्यावर मधला बीबी आणि वरचा नंबर 4 काढून गळापासून पाच सेंटिमीटरवर एक एएए लावला आणि बुचाजवळचा एक एएए कमी केला. आता मासा आमिष उचलतो तेव्हा छर्राही उचलला जातो आणि बूच बुडण्याऐवजी वर उठतं. त्याच क्षणी झटका द्यायचा. सवय नसेल तर माणूस बुडायची वाट पाहत बसतो.

मासा लागला तेव्हा पहिली प्रतिक्रिया जुनीच आली, ड्रॅग आवळण्याची. सुदैवाने तो किलोभराचा होता. मुसंडी मारत असेल तर रीलला हात लावायचा नाही. थांबला की काठी वर घेत जायची, मग टोक खाली आणत गुंडाळायचं. खोडांकडे वळला तर काठी उजवीकडे, पाण्याला समांतर आडवी. आडव्या ओढीने मासा वळतो, वर उचलल्याने फक्त डोकं बाहेर येतं. आणखी दाब हवा असेल तर स्पूलच्या कडेवर बोट टेकवावं. ते लगेच काढता येतं, आवळलेला ड्रॅग ऐन वेळी सैल होत नाही. पाठीच्या पहिल्या काट्याला करवतीसारखे दाते असतात. जाळ्यात आल्यावर तंगूस त्यावर घासू देऊ नये.

दोन-सव्वादोन किलोपर्यंतचे सायप्रिनस यानंतर काठावर आले. त्यापुढचा अजून आजमावलेला नाही, आणि खोडांच्या पाच मीटरच्या आत बसायचं नाही हा नियम चार किलोवाल्यासाठी कायम ठेवला आहे.

पावसाळ्यानंतर तलाव भरला की बारा मीटरवर खोली चार मीटरच्या वर जाईल आणि घट्ट बसवलेलं बूच या बारा फुटी रॉडनेही फेकता येणार नाही. तेव्हा रॉड-रील बदलायची गरज नाही; बूच सरकतं करायचं. तंगुसावर त्याच जाडीच्या तुकड्याची पाच वेढ्यांची गाठ खोलीच्या मापावर बांधायची, टोकं दोन सेंटिमीटर लांब ठेवायची म्हणजे ती कड्यांतून वाकून जातात. गाठीखाली बारीक भोकाचा मणी, मग बूच. बुचाजवळचे छर्रे काढून ते गळापासून साठ-सत्तर सेंटिमीटरवर एकत्र बसवायचे, म्हणजे फेकताना बूच त्यांवर टेकतं. बूच पाण्यात पडलं की बेल उघडी ठेवायची आणि गाठ मण्यापर्यंत पोचून बूच सरळ उभं राहीपर्यंत तंगूस सोडत राहायचा. बेल लवकर बंद केली तर आमिष झोका घेत काठाकडे येतं आणि मोजलेली खोली वाया जाते.